झाकलेलं मांस

आमच्या खोऱ्यातली माणसं त्या दुकानाला ‘चर्च’ म्हणतात. शहराच्या टोकाला, हायवेला लागून आहे. उंच छप्पर, जाडजूड तुळया, आणि आत पाऊल टाकलं की माणूस आपसूक आवाज खाली आणतो. डोंगरात जायला जे जे लागतं ते सगळं तिथे मिळतं, बंदुकीची गोळी सोडून. भिंतींवर शिखरावर उभ्या असलेल्या माणसांचे मोठमोठे फोटो आहेत आणि त्यातल्या एकाच्याही नखात माती नाही.

दर वर्षी शिकारीचे दिवस आले की आमचे लोक बड्डीच्या बंदुका-गोळ्यांच्या दुकानात कॉफीचे कप धरून उभे राहतात आणि चर्चला शिव्या घालतात. “त्यांना डोंगर हवा, पण डोंगरात कोणी काही मारायला नको.” “भिंतीएवढा एल्क हरणाचा फोटो लावतील, पण एल्क खाणारा दारात दिसला की नाक मुरडतील.” असं बरंच. आणि बोलणाऱ्याच्या पानापाचोळ्याच्या छापाच्या शर्टाखाली मऊ लोकरीची बनियन असते, ती हमखास चर्चमधली. मी तरी कुठली वेगळी! माझं हिरवं जाकीट तिथलंच आहे. छातीवरचं लेबल ब्लेडनं उसवून टाकलं, म्हणजे गावच्या जेवणाला घालून जाता येतं. माल चांगला असतो हो. वजनाला हलका, भिजला तरी ऊब देणारा. बड्डी माणूस सोन्यासारखा, पण त्याच्याकडे बायकांसाठी म्हणून मिळते ती पुरुषांचीच टोपी, गुलाबी रंगात. आणि बूट हवे असतील तर आधी पाय वाढवून या.

माझ्या आईचे पाय लहान आहेत. आर्डिस हॉगन तिचं नाव. खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना तिनं शाळेच्या बसमधून नेलं-आणलंय, त्यामुळे ती समोर आली की दाढीवाले बाप्येसुद्धा अजून सरळ उभे राहतात. ती दर वर्षी एक एल्क मारायची, आणि मारायची ती मादीच. मोठ्या शिंगांच्या मागे लागणाऱ्यांना ती म्हणायची, “उकडून खा हं ती शिंगं. मीठ जरा सढळ हातानं घाला.” तिच्या हातचं मांस म्हणजे आमच्याकडे प्रमाण होतं. केस नाही, गवताची काडी नाही, वास नाही. मागची एक मांडी फायर स्टेशनच्या जेवणाला जायची. त्या जेवणाला अख्खं खोरं येतं, आणि ताट पुढे करण्याआधी लोक विचारतात, “आर्डिसचंच आहे ना?” हे ऐकताना आई वाढण्याच्या टेबलामागे उभी राहून उगाच डाव पुसत बसायची. तिला कळत नव्हतं असं नाही. वर्षभर ती त्या एका प्रश्नावर जगायची, असं मी म्हटलं तर ती मला मारेल, पण तसंच होतं.

यंदाची तिची शेवटची शिकार होती. दोन्ही गुडघे गेले होते. आम्ही तिघं हे जाणून होतो आणि तिघंही बोललो नव्हतो. फक्त परवाना हातात आला तेव्हा ती म्हणाली, “हे एक नीट घरी आलं की झालं.”

डॅरिन माझा धाकटा भाऊ. तो शहरात घरं विकतो, ज्यांना न्याहारी करताना खिडकीतून डोंगर दिसायला हवा असतो अशा बाहेरून येणाऱ्या लोकांना. चांगला मुलगा आहे. बहीण म्हणून सांगत नाही, बहीण असूनही सांगते. आईसाठी त्यानं सुट्टी काढली, तिला हाताला धरून अंधारात वर नेलं, आणि उजाडता उजाडता तिनं एका गोळीत मादी पाडल्यावर ती अख्खी मादी तुकड्या-तुकड्यांनी स्वतःच्या पाठीवरून रस्त्यापर्यंत आणली. मागच्या मांड्या, पुढचे फरे, पाठीच्या पट्ट्या. एल्कची एक मांडी म्हणजे शाळकरी पोराएवढं वजन. आई वाटेत दगडावर बसून म्हणे प्रत्येक खेपेला त्याला चिडवत होती, “ह्याच्यापेक्षा घरं विकणं सोपं, नाही का रे?” आणि तो हसत होता. त्या दिवसाची सकाळ फार चांगली गेली, हे दोघांनीही मला सांगितलं. म्हणून तर पुढचं ऐकताना जास्त लागलं.

मांस सुती पिशव्यांत घालून पिकअपच्या हौद्यात ठेवलं. हौद्यावर काचेच्या खिडक्यांचा टप आहे. आईची पद्धत ठरलेली: खाली लाकडाच्या पट्ट्या, वर पिशव्या एकमेकींना न चिकटता, बाजूच्या खिडक्या उघड्या, मागची झडप काठी लावून वर उचललेली. ताज्या मांसात जनावराच्या अंगातली ऊब असते, ती निघून गेली पाहिजे. नाही गेली तर मांस आतून, हाडाजवळ आंबतं. बाहेरून लालबुंद दिसतं आणि आत घाण झालेली असते. हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं, डॅरिनलाही. आणि त्या दिवशी तर ऑक्टोबर सरत आला असूनही उन्हाला चटका होता.

उतरताना आईच्या बुटाचा तळ सुटला. तिनं तो चिकटपट्टीनं गुंडाळला आणि निघाली. डॅरिननं ते बघितलं. शहर वाटेवरच होतं. तो म्हणाला, “आई, तुला धड बूट घेऊ या. माझ्याकडून.”

“बड्डीकडे नाहीत माझ्या मापाचे.”

“बड्डीकडे नाही. चर्चमध्ये.”

“सरळ घरी चल. मांस गरम आहे.”

“दहा मिनिटं, आई.”

ती हो म्हणाली. ती कधी कबूल करणार नाही, पण तिलाही ते दुकान आतून बघायचं होतं. त्यांच्या मालाचं छापील पुस्तक दर मोसमाला माझ्या नावानं येतं, ते ती नेते आणि स्टोव्हजवळ बसून पानन् पान वाचते. वर म्हणते, “चूल पेटवायला बरं पडतं.”

गाडी कुठे लावायची हे आईनंच सांगितलं, एका झाडाच्या सावलीत. झडप उघडी आहे ना ते बघितलं, आणि पट्टी गुंडाळलेल्या बुटानं फटक-फटक करत ती पुढे गेली, कारण तिला आधी बाथरूमला जायचं होतं. डॅरिन गाडी बंद करत होता. तेवढ्यात शेजारी एक गाडी लागली. त्यातून दोन लहान मुली उतरल्या आणि टपाच्या काचेला नाक लावून आत बघायला लागल्या. पांढऱ्या पिशव्यांवर रक्ताचे डाग होते, एका पिशवीतून खुरापर्यंतचा पाय बाहेर आला होता. मुलींची आई आली. ती एक अक्षर बोलली नाही. फक्त दोघींचे दंड धरून त्यांना लांब ओढलं आणि जाताना एकदा डॅरिनकडे बघितलं.

बस, एवढंच. कोणी शिवी दिली असती तर डॅरिननं दोन परत दिल्या असत्या. तो काही शेळपट नाही. पण त्या बघण्यानं त्याला काहीतरी झालं. त्यानं पुढच्या सीटमागच्या दोन्ही स्लीपिंग बॅगा काढल्या आणि मांसावर पसरल्या. बॅगांखाली अंथरायच्या पातळ गाद्या काचांना उभ्या लावल्या. खिडक्या सरकवल्या, काठी काढली, झडप लावून टाकली. आता बघणाऱ्याला वाटलं असतं, आहेत कोणीतरी तंबूत राहून आलेले हौशी लोक. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं डॅरिनचं पहिल्यापासूनचं धोरण. पण मुठीत ताजं मांस असेल तर काय होतं, तेवढं तो त्या घटकेला विसरला. कडाक्याच्या थंडीत माणसाला उबदार ठेवणाऱ्या त्या बॅगा. त्याही चर्चमधल्याच.

मी दुकानात नव्हते. डॅरिननं मला एक हकिगत सांगितली आणि आईनं एक. दोन्ही जुळतात.

आत शिरल्या शिरल्या आई एल्कच्या फोटोपुढे थांबली. मादीच होती, धुक्यात उभी, भिंतीएवढी. आईनं मान मागे टाकून तिला नीट निरखलं.

“तरणी आहे. पाठ बघ केवढी भरलीय. शिजवलं तर लोणी होईल हिचं.”

“आई, हळू.”

“का? तिला ऐकू जातंय?”

जवळच्या दोघा-तिघांनी वळून बघितलं. एक जण तर हसला, असं आई म्हणते. डॅरिनला तो हसलेला दिसलाच नाही.

बुटांच्या भागात एक मुलगी मदतीला आली. गुडघ्यावर बसून तिनं आईच्या बुटाची चिकटपट्टी सोडवली, नाक मुरडलं नाही की काही नाही, आणि विचारलं, “कशासाठी हवेत बूट? चढण असते? पाठीवर वजन असतं?”

“वजन तर असतंच. एकेक मांडी—”

“पक्षी,” डॅरिन मध्येच म्हणाला. “पक्षी बघायला जातो आम्ही. दुर्बीण वगैरे असते पाठीवर.”

“वा! छान,” मुलगी म्हणाली आणि बूट आणायला आत गेली.

आई त्याच्याकडे बघत राहिली. “पक्षी?”

“आई, प्लीज. बूट घेऊ आणि निघू. कशाला उगाच?”

आईला राग आला होता, पण बूट आले आणि ती राग विसरली. जन्मात पहिल्यांदा तिच्या पायात तिच्या मापाचे बूट होते. दुकानात खोट्या दगडांचा एक छोटा चढ केलाय, बूट घालून बघायला. त्यावर ती चढली, उतरली, परत चढली. गुडघ्यांना हात न लावता. “अगं बाई, हे तर चालतात आपोआप,” ती त्या मुलीला म्हणाली. डॅरिन म्हणतो, तिला तसं हसताना त्यानं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. मला वाटतं, तेव्हाच ते बाहेर पडले असते तर सगळं निभावलं असतं. पण मला वाटून काय उपयोग?

“डॅरिन! तुम्ही इकडे?”

पेज कॅलोवे. डॅरिन तिला नदीकाठचं एक घर दाखवत होता आणि ती जवळजवळ हो म्हणाली होती. पेज बाई वाईट नाही, हे मी नंतर तिला भेटल्यावर सांगते आहे. मोकळी आहे, मिठी मारून बोलते. तिनं हात पुढे केला. “आणि या तुमच्या आई असणार!”

आईनं हात पुढे केला आणि तिचं स्वतःच्या नखांकडे लक्ष गेलं. नखांत वाळलेलं रक्त होतं. ओढ्यावर धुतलं होतं, पण नखातलं कुठे जातं? तिनं हात अर्ध्यावरून परत घेतला आणि जाकिटाच्या खिशात घातला. “सर्दी झालीय मला,” ती म्हणाली. माझी आई, जिनं बस चालवताना गावगुंड पोरांना कान धरून खाली उतरवलं, ती हात लपवून खोटं बोलली. डॅरिननं ते पाहिलं. त्यानं मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

“आईला पक्ष्यांची फार आवड आहे,” तो म्हणाला.

“खरंच? मग आज काय काय दिसलं?”

“डोमकावळे,” आई म्हणाली. “सकाळी खूप डोमकावळे आले होते.”

यात खोटं काही नव्हतं. आतडी काढून टाकली की पाच मिनिटांत डोमकावळे जमतात.

दुकानाच्या कोपऱ्यात कॉफी मिळते. पेजनं आग्रह केला. आई म्हणाली, “आम्हाला निघायला हवं, गाडीत—”

“एक कप घेऊ की, आई,” डॅरिन म्हणाला.

तर ते तिघं बसले. पेज घराबद्दल बोलत होती, विहिरीच्या पाण्याबद्दल, बर्फात रस्ता कोण साफ करतं त्याबद्दल. डॅरिन उत्तरं देत होता. एक कप झाला, दुसरा आला. बाहेर झाडाची सावली हौद्यावरून केव्हाच सरकली असणार. मग पेज म्हणाली, “एक विचारू? गेल्या आठवड्यात घर बघायला आले तेव्हा मागच्या टेकडीवर गोळीचा आवाज झाला. मला दिवसभर काही सुचलं नाही. कोण असतात हो ही माणसं?”

तिनं खरंच माहिती म्हणून विचारलं होतं. डॅरिनच्या शेजारी त्याची आई बसली होती, नव्या बुटांत पाय जुळवून, हात खिशात. तो हसला. आणि म्हणाला, “असतात काही जण.”

आईनं कॉफी संपवली. त्यानंतर ती दुकानात काही बोलली नाही.

बाहेर आल्यावर ती सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि पट्टा लावला. माझी आई मांस घेऊन निघाली की दर थांब्याला मागे जाते, पिशवीत हात घालून बघते, पिशव्या फिरवते. तिच्या हाताला ते वळण आहे. त्या दिवशी ती मागे गेली नाही. गेली असती तर तिनं त्या बॅगा तिथल्या तिथे, सगळ्या चर्चसमोर, हौद्यातून भिरकावल्या असत्या. पण ती समोरच्या काचेतून बघत बसली. आणि डॅरिन? त्याला आठवण होती, तो म्हणतो. हायवेला लागल्यावर थांबू आणि झडप उघडू, असं त्याच्या मनात होतं. “पण थांबलो असतो तर काय करतोयस ते तिनं विचारलं असतं, रोंडा. आणि ती बोलत नव्हती. मला वाटलं, ती बोलत नाहीये तेच बरंय.”

घरी यायला संध्याकाळ झाली. मी शेडमध्ये आकडे धुऊन टांगले होते, सुऱ्या परजल्या होत्या, चुलीवर तवा ठेवला होता. आमच्याकडे पहिल्या संध्याकाळी जनावराचं हृदय कांद्यावर परतून खायची रीत आहे. गाडीचा आवाज आला तशी मी बाहेर गेले. “काय गं शिकारीबाई!” मी ओरडले. “आणि हे काय, बूट बघा बूट! चर्चचे वाटतं? बाप्तिस्मा झाला म्हणायचा!”

आई हसली नाही. ती मागे गेली, आणि बंद झडप बघून तिथेच उभी राहिली. मग तिनं झडप उघडली. कोंडलेली गरम हवा तोंडावर आली. स्लीपिंग बॅगा, काचांना लावलेल्या गाद्या. मला काहीच कळेना. “हे कोणी केलं?” मी विचारलं.

आईनं बॅगा काढून जमिनीवर टाकल्या. मागच्या मांडीवरची पिशवी सोडली, तळहात ठेवला आणि तो तिथेच ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “सुरी दे.”

आम्ही मांडी आकड्याला टांगली. तिनं हाडाला लागून सुरी आत घातली, खुब्याच्या सांध्यापर्यंत, आणि मांस फाकवलं. मला वास आधी आला. आंबूस, गोडसर, एकदा आला की नाकातून जात नाही तो. सांध्याभोवतीचं मांस करडं पडलं होतं. दुसरी मांडी तशीच. पाठीच्या पट्ट्या तळाशी चेपून पडल्या होत्या, त्याही गेल्या. पुढच्या फऱ्यांतलं थोडं वाचलं, तेवढं मी कापून बाजूला ठेवलं. आई प्रत्येक तुकडा उघडून बघत होती. नंतर नंतर बघायची गरज नव्हती, वासावरूनच कळत होतं, तरी ती बघत होती. जनावर आपण मारलंय तर ते नीट बघितलं पाहिजे, असं तिचं म्हणणं असतं.

डॅरिन शेडच्या दारात उभा होता. “आई, मी...” तो म्हणाला. “मी विसरलो.”

“विसरलास?” ती म्हणाली. “गाद्या काचांना उभ्या लावल्यास. विसरणारा माणूस एवढं करत नाही.”

मग तिनं मला सांगितलं की तवा उतरव. हृदय बर्फाच्या डब्यात होतं, त्याला काही झालं नव्हतं. पण त्या संध्याकाळी ते कोणी खाल्लं नाही.

मला डॅरिनचा इतका राग आला होता की मी त्याला घराबाहेर काढणार होते. तो जिन्यात बसून सगळं सांगायला लागला, मुलींपासून कॉफीपर्यंत, आणि सांगता सांगता रडला. मोठा बाप्या माणूस. मी त्याला थोपटलं नाही. पण खरं सांगते, ऐकताना मला माझं उसवलेलं लेबल सारखं आठवत होतं, आणि त्यामुळे मला शिव्याही धड देता येईनात.

सकाळी आईनंच शिकारखात्याच्या वॉर्डनला फोन केला. आमच्याकडे मारलेलं खायचं जनावर वाया घालवणं गुन्हा आहे, आणि गुन्ह्याहून वाईट म्हणजे, ते बेअब्रूचं आहे. चोर परवडला, पण ‘त्यानं मांस सडवलं’ असं ज्याच्याबद्दल बोलतात त्याच्या शेजारी कोणी कॉफीला उभं राहत नाही. मी म्हटलं, “आई, कोणाला कळणारेय? मागे खड्डा खणू.” ती म्हणाली, “फायर स्टेशनला काय सांगू? मला मिळालंच नाही म्हणून? गोळीचा आवाज लोकांनी ऐकलाय.”

“मी सांगतो, माझी चूक म्हणून,” डॅरिन म्हणाला.

“परवान्यावर नाव माझं आहे,” आई म्हणाली आणि फोन लावला.

वॉर्डन म्हणजे टिम ओस्बी. आईच्या बसमधलाच. शेडमध्ये आल्या आल्या त्यानं टोपी काढली, ती वासामुळे नव्हे, आईमुळे. टांगलेलं मांस बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याला ते बघायचं नव्हतं. दर वर्षी फायर स्टेशनात ताट घेऊन तो पहिल्या रांगेत असतो.

“काय झालं, मिसेस हॉगन?”

“आंबलं. बघतोयस ना.”

“अहो, काल ऊनच तसं होतं. चांगल्या-चांगल्यांचं होतं.” तो डॅरिनकडे वळला. गडी चांगला आहे, वाट काढून देत होता. “गाडी बंद पडली का वाटेत? तसं असेल तर प्रश्नच नाही. अपघात झाला, संपलं. मी जातो.”

मी डॅरिनकडे बघत होते. फक्त मान हलवायची होती. टिमनं विचारलं आणि सुटायचं दारही स्वतःच उघडून धरलं होतं. डॅरिननं तोंड उघडलं, मिटलं.

“गाडी चांगली चालली,” आई म्हणाली. ती उलट्या बादलीवर बसली होती. “ह्यानं मांस झाकून ठेवलं. स्लीपिंग बॅगांखाली. झडप लावून.”

“का पण?” टिम म्हणाला. त्याला खरंच कळेना. “डॅरिन, तुला माहीत नाही होय, की...”

“माहीत आहे,” डॅरिन म्हणाला.

“मग?”

डॅरिन जमिनीकडे बघत होता. “दुकानासमोर गाडी लावली होती. लोक बघत होते. मला...” तो थांबला. “मला लाज वाटली. मांस दिसत होतं, रक्त, खूर... त्याची.”

“त्याची नाही,” आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. कुठली गोळी वापरली हे टिमला सांगावं तसं ती सांगत होती. “मांस गाडीत होतं. दुकानात मी होते. त्याला माझी लाज वाटली, टिम.”

टिम टोपी हातात फिरवत राहिला. मी डॅरिनच्या तोंडाकडे बघत होते. ‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं त्यानं. खोटं असतं तरी चाललं असतं. मी मनातल्या मनात त्याला ढोसत होते, म्हण रे गाढवा, म्हण. आईही वाट बघत होती. बादलीवर बसून, नखांत अजून रक्त असलेले हात मांडीवर उघडे ठेवून, ती त्याच्याकडे बघत थांबली होती.

तो काही बोलला नाही.

मग आई गुडघ्यांवर हात रोवून उठली आणि टिमला म्हणाली, “चल आत. कॉफी टाकते.”